बोटाला लागलेली भुकटी: गव्हावरची बुरशी जगते कशी

गव्हाचं पान पिवळं दिसलं की लगेच फवारणीचा पंप उचलू नका. आधी त्या पानावरून अंगठा फिरवा. अंगठा स्वच्छ राहिला तर कारण बहुधा वेगळं असतं. नत्र कमी पडलेलं असतं, मुळाशी पाणी साचलेलं असतं, नाहीतर थंडीचा तडाखा बसलेला असतो. पण अंगठ्याला पिवळी किंवा गेरूसारखी भुकटी लागली, तर तो तांबेरा. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू, अंगठ्याएवढ्या जागेत हजारोंनी. तांबेरा जोरात आलेल्या शेतातून चालून बाहेर आलं की पँट गुडघ्यापर्यंत विटकरी झालेली असते. या रोगाला गेरवाही म्हणतात, ते या रंगावरूनच.

गव्हावर बुरशीचे रोग पुष्कळ आहेत. तांबेऱ्याचेच तीन प्रकार, शिवाय काणी, भुरी, करपा, ब्लास्ट, ओंबीवरचा फ्युजेरियम, मुळं काळी करणारा टेक-ऑल. एका बाजूला रोगाचं नाव आणि समोर औषधाचं प्रमाण, असे तक्ते सगळीकडे मिळतात. मला ते अपुरे वाटतात. एका रोगावर हमखास चालणारा उपाय दुसऱ्यावर साफ फुकट का जातो, हे त्यातून कळत नाही. त्याचं उत्तर बुरशी पोट कसं भरते यात आहे. काही बुरशींना जिवंतच झाड लागतं. झाड मेलं तर त्यांचीही उपासमार. काही बियाण्यात दडून बसतात आणि पिकाबरोबरच मोठ्या होतात. काही मात्र आधी पेशी मारतात आणि मग मेलेल्यावर जगतात. हे तीन संसार एकदा डोळ्यांसमोर आले की कोणाला कुठे अडवायचं ते आपोआप सुचायला लागतं.

नुकसान किती होतं? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात, रोग आणि किडी मिळून गव्हाचं सुमारे २१.५ टक्के उत्पादन खातात असा अंदाज निघाला. म्हणजे दर पाच पोत्यांमागे एकाहून जास्त. त्यात बुरशींचा वाटा मोठा आहे.

जिवंत पानावर राहणारा तांबेरा

तांबेऱ्याचा बीजाणू वाऱ्यावरून येऊन पानावर बसतो तेव्हा तो कोरडा असतो. पान कोरडंच राहिलं तर काही घडत नाही. त्याला दव लागतं किंवा पावसाची भुरभुर. पान काही तास सलग ओलं राहिलं की बीजाणूतून एक बारीक नळी फुटते आणि पानावर सरपटू लागते. ती कुठल्याही दिशेने जात नाही, पानाच्या शिरांना आडवी जाते. गव्हाच्या पानावर श्वासाची छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, शिरांना समांतर ओळींत असतात. आडवं चालत राहिलं की कधी ना कधी ओळ लागणारच. बुरशीला डोळे नाहीत. पानाच्या पृष्ठभागाचा उंचसखलपणा चाचपत ती वाट काढते. रंध्र लागलं की नळीचं टोक फुगतं, तिथे चिकटून बसतं आणि त्याखालून एक धागा आत उतरतो.

पुढची पायरी मला सगळ्यात विलक्षण वाटते. आत गेलेला धागा पेशीची भिंत भेदतो, पण पेशीच्या आतला नाजूक पडदा फाडत नाही. फुग्यात बोट रोवलं की फुगा न फुटता बोटाभोवती दबतो, तसा तो पडदा बुरशीच्या त्या बोटाभोवती दबून राहतो. पेशी जिवंत असते. बुरशी या बोटातून साखर आणि अमिनो आम्लं ओढून घेते. पान आपलं प्रकाशसंश्लेषण करत राहतं, फक्त त्याची कमाई दाण्यांऐवजी बुरशीकडे वळते.

हा सगळा उद्योग बाहेरून दिसत नाही. आठवडा-दहा दिवस, थंडीत त्याहूनही जास्त, पान वरून धडधाकट दिसतं. मग आतून दाब वाढतो, पानाची साल फाटते आणि भुकटीने भरलेला फोड उघडतो. एकेका फोडातून रोज हजारो बीजाणू सुटतात आणि तो फोड दोन-तीन आठवडे चालू राहतो. एका हंगामात अशा कित्येक फेऱ्या होतात. म्हणूनच "परवापर्यंत शेत स्वच्छ होतं" असं शेतकरी म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. परवा जे स्वच्छ दिसत होतं, ते आतून आठवडाभरापूर्वीच भरलं होतं.

साल फाटल्याचा दुसरा तोटा पाण्याचा. फाटलेल्या सालीतून पानातली ओल उडून जाते. दाणे चिकात असताना हे झालं तर दाणा भरत नाही, सुरकुततो. शेंड्याचं पान, म्हणजे ओंबीच्या लगत खालचं पान, दाणा भरण्याचा मोठा भार उचलतं. ते वाचलं तर खालच्या पानांवरचा तांबेरा बराचसा परवडतो.

तीन तांबेरे ओळखायला अवघड नाहीत. पिवळा तांबेरा थंडीतला; १० ते १५ अंशांत तो खुशीत असतो आणि त्याचे फोड शिरांच्या मधून शिवणयंत्राने टाके घातल्यासारखे ओळीने येतात. रोपं लहान असताना मात्र या ओळी दिसत नाहीत, फोड घोळक्याने येतात, आणि इथे ओळखण्यात चूक होते. पानावरचा तांबेरा नारिंगी-तपकिरी, गोल, विखुरलेला. त्याला १५ ते २५ अंश मानवतात. खोडावरचा तांबेरा उष्णता मागतो. त्याचे फोड लांबट, लालसर-विटकरी असतात आणि कडेची फाटलेली साल पांढऱ्या चिंधीसारखी लोंबत असते. हा तिसरा सर्वांत घातक. खोडच पोखरल्यामुळे भरात आलेलं पीक पंधरा-वीस दिवसांत आडवं होऊ शकतं. हंगामाच्या अखेरीस त्याचे फोड काळे पडतात, म्हणून त्याला काळा तांबेराही म्हणतात.

भुरीही याच जातीची, जिवंत पानावर जगणारी. फरक इतकाच की ती पानाच्या वरच पिठासारखी पसरते आणि फक्त वरच्या थरातल्या पेशींत बोटं घालते. तिला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही, दमट हवा पुरते. दाट पेरा आणि नत्राचा जादा हात असला की ती हमखास येते.

काळा तांबेरा आणि काटेरी झुडूप

काळा पडलेला फोड काळा का पडतो, याचं उत्तर शोधायला फार काळ गेला. शेतकऱ्यांना मात्र काहीतरी अंदाज आधीपासून होता. बारबेरी नावाचं, दारुहळदीच्या कुळातलं काटेरी झुडूप बांधावर असलं की जवळचा गहू तांबेऱ्याने जातो, हे युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी पाहिलं होतं. १७२६ साली कनेक्टिकटमध्ये ही झुडपं तोडण्यासाठी कायदाही झाला. बुरशी म्हणजे काय हे धड ठाऊक नसतानाचा हा कायदा आहे, आणि तो बरोबर होता.

अँटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोडं सोडवलं. काळे बीजाणू गव्हाला लागतच नाहीत. ते थंडीत काडावर पडून राहतात आणि नंतर त्यांच्यापासून तयार होणारे बीजाणू बारबेरीच्या पानावर जाऊन रुजतात. तिथे बुरशीचं मीलन होतं, आणि मग तिथून निघणारे बीजाणू पुन्हा गव्हावर येतात. एकच बुरशी, दोन परक्या वनस्पतींवर आयुष्याचे दोन भाग काढते आणि वाटेत पाच प्रकारचे बीजाणू तयार करते.

मीलनाचं महत्त्व असं की तिथे गुणांची नवी सरमिसळ होते. गव्हावर राहते तोवर बुरशी स्वतःच्याच प्रती काढत असते. बारबेरीवर तिला नवी रूपं मिळतात. १९१६ मध्ये उत्तर अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याची भीषण साथ आली आणि १९१८ पासून तिथे बारबेरी उपटण्याची मोहीम सुरू झाली. अनेक दशकांत कोट्यवधी झुडपं काढली गेली. साथी अगदी थांबल्या नाहीत, पण लवकर लागण होण्याचं आणि दर वर्षी नवी रूपं निपजण्याचं मोठं ठिकाण बंद झालं. पिवळ्या तांबेऱ्याचं मीलनही बारबेरीवरच होतं, हे कळायला २०१० साल उजाडावं लागलं.

सगळीकडे मात्र हेच गणित नसतं. भारतात मैदानी भागातला उन्हाळा इतका कडक असतो की तांबेऱ्याचे बीजाणू तिथे तग धरत नाहीत. तरी दर हिवाळ्यात तांबेरा परत येतो तो कुठून, या प्रश्नामागे वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी आयुष्य घातलं. बारबेरीचा इथे काही हात नाही, असं त्यांनी दाखवलं. उत्तरेत हिमालय आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीचे डोंगर थंड असतात. तिथल्या गव्हावर आणि आपोआप उगवलेल्या रोपांवर बुरशी उन्हाळा काढते आणि पीक उभं राहिलं की वाऱ्याबरोबर मैदानात उतरते. मळणीत सांडलेल्या दाण्यांतून उगवलेली चार रोपं आपल्याला निरुपद्रवी वाटतात. जिवंत पानावर जगणाऱ्या बुरशीला दोन हंगामांमधला तोच पूल असतो.

वाण आज तगतो, उद्या पडतो

झाड गप्प बसलेलं नसतं. केंब्रिजमध्ये रोलँड बिफेन यांनी १९०५ मध्ये दाखवलं की पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण मेंडेलच्या नियमांप्रमाणे पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे तो संकराने एका वाणातून दुसऱ्यात आणता येतो. गहू सुधारणेचं एक नवं दार त्यातून उघडलं.

हा गुण काम कसा करतो, ते पाहण्यासारखं आहे. बुरशी पेशीत बोट घालते तेव्हा झाडाची यंत्रणा ढिली पाडणारी प्रथिनंही आत सोडते. प्रतिकारक वाणात अशा एखाद्या प्रथिनाला ओळखणारा पहारेकरी असतो. ओळख पटली की ती पेशी लढत बसत नाही, स्वतःच मरते. बुरशीला जिवंत पेशी हवी असते. पेशी मेली की तिचा आहारच संपतो. अशा पानावर फोड येत नाही, सुईच्या टोकाएवढा फिकट ठिपका तेवढा उमटतो. तो ठिपका पाहून घाबरू नये. तो रोगाचा नाही, झाडाच्या विजयाचा आहे.

अडचण पुढची. पहारेकरी एकाच चेहऱ्याला ओळखतो. बुरशीच्या अब्जावधी बीजाणूंपैकी एखाद्यात तो चेहरा बदलला, की त्याला कोणी अडवत नाही. अमेरिकेत एल्विन स्टॅकमन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवलं की दिसायला सारखाच असणारा काळा तांबेरा प्रत्यक्षात अनेक वंशांचा असतो आणि एकाला पुरून उरलेला वाण दुसऱ्यापुढे उभा राहू शकत नाही. हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसावरच्या तांबेऱ्यात त्याचं सूत्र मांडलं: झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकासमोर बुरशीत त्याला जुळणारं एक जनुक असतं.

स्टॅकमन यांचे विद्यार्थी नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत गेले, ते मुख्यतः याच काळ्या तांबेऱ्याशी झुंजायला. बुटका, भरघोस गहू ही त्यांची ओळख नंतरची. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या गव्हांनी काळा तांबेरा इतका मागे रेटला की १९९० च्या दशकापर्यंत तो संपल्यात जमा धरला जाऊ लागला. राय या धान्यातून गव्हात आलेला गुणसूत्राचा एक तुकडा जगभरच्या वाणांत पसरला होता. त्यावर एसआर ३१ नावाचं प्रतिकारक जनुक होतं आणि काळ्या तांबेऱ्याचा एकही वंश त्याला भेदू शकला नव्हता.

१९९८ मध्ये युगांडात एसआर ३१ असलेल्या गव्हावर काळा तांबेरा दिसला. पुढच्या वर्षी या वंशाला यूजी ९९ असं नाव मिळालं. तो केनिया, इथिओपिया आणि सुदानमध्ये पोचला. २००६ मध्ये येमेनमध्ये आणि २००७ मध्ये इराणमध्ये आढळला. नव्वदी पार केलेल्या बोरलॉग यांनी २००५ मध्ये त्याविरुद्ध जगाला जागं केलं, तेव्हा जगातल्या बहुतेक लागवडीखालच्या वाणांकडे त्याला उत्तर नव्हतं. इथिओपियात २०१३ च्या हंगामात आणखी एक धडा मिळाला. तिथे डिगालू नावाचा वाण खूप पेरला जात होता, कारण तो पिवळ्या तांबेऱ्याला आणि यूजी ९९ लाही टिकत होता. मग यूजी ९९ च्या घराण्यातला नसलेला, काळ्या तांबेऱ्याचा एक वेगळाच वंश आला आणि डिगालूची शेतं उभीच्या उभी गेली. वाण वाईट नव्हता. सगळ्यांनी तोच पेरला होता, आणि बुरशीला एक किल्ली सापडताच सगळी दारं एकदम उघडली.

बियाण्यात दडलेली काणी

काजळी काणी पाहिली नसेल तर कल्पना करणं कठीण आहे. ओंबी पोटरीतून बाहेर येते ती दाण्यांच्या जागी काळी भुकटी घेऊनच. चार दिवसांत वारा ती भुकटी उडवतो आणि उभी राहते नुसती उघडी दांडी, मांस गेलेल्या माशाच्या काट्यासारखी.

या रोगाची गोम अशी की लागण एका वर्षी होते आणि दिसते पुढच्या वर्षी. उडालेली भुकटी शेजारच्या निरोगी ओंबीवर पडते, तीही फुलोऱ्याच्या मोजक्या दिवसांत. बुरशी कोवळ्या दाण्याच्या गर्भात शिरते आणि तिथे झोपी जाते. दाणा भरतो, टपोरा दिसतो, चाळणीत वेगळा निघत नाही. पुढच्या वर्षी तो पेरला की कोंबाबरोबर बुरशी जागी होते आणि वाढत्या शेंड्याबरोबर चढत ओंबीपर्यंत जाते. शेतात काणी दिसल्यावर फवारणी करण्यात काहीच अर्थ नाही, हे आता वेगळं सांगायला नको. ते पीक गेल्या वर्षीच ठरलेलं असतं.

म्हणून इथे लढाई बियाण्याशी. औषध दाण्याच्या वर राहून भागत नाही, गर्भापर्यंत पोचावं लागतं. १९६० च्या दशकात कार्बोक्सिनसारखी आंतरप्रवाही, म्हणजे आत मुरणारी औषधं आली तेव्हा ते शक्य झालं. त्याआधी जे. सी. लुथरा यांनी १९३० च्या दशकात पंजाबात उन्हाचा उपाय दिला होता, आणि तो मला आजही फार आवडतो. उन्हाळ्याच्या कडक दिवशी सकाळी बी चार तास पाण्यात भिजवायचं आणि दुपारच्या उन्हात पातळ पसरून खडखडीत वाळवायचं. भिजल्यामुळे झोपलेली बुरशी जागी होते. जागी झालेली बुरशी उष्णता सोसू शकत नाही, गर्भ मात्र सोसतो. औषधाचा एक थेंब नाही. ज्याला बुरशीची झोप कळली होती त्यालाच हे सुचू शकतं.

दुर्गंधी काणी वेगळी. तिचे बीजाणू दाण्याच्या बाहेर चिकटलेले असतात किंवा मातीत असतात आणि कोंब फुटताना शिरतात. दाण्याचं टरफल शाबूत, आत काळी भुकटी, आणि वास सडक्या मासळीचा. फ्रान्समध्ये माथ्यू तिये यांनी १७५५ मध्ये शेतात वाफे आखून दाखवलं की ही काळी भुकटी निरोगी बियाण्याला लावली तर रोग येतो. बेनेडिक्ट प्रेव्हो यांनी १८०७ मध्ये ते बीजाणू रुजताना पाहिले आणि मोरचुदाने ते रोखता येतात हेही दाखवलं. वनस्पतीचा रोग सूक्ष्म बुरशीमुळे होतो, याचा हा फार मोठा पुरावा होता. त्या काळी मात्र त्याची हवी तशी कदर झाली नाही. १९३१ मध्ये कर्नालच्या गव्हावर नोंदली गेलेली कर्नाल बंट याच कुळातली. तिच्यात दाण्याचा काही भागच काळा पडतो, पण अनेक देश असा गहू बंदरातूनच परत पाठवतात.

मारून खाणाऱ्या

आता तिसरा संसार. इथे पेशी मेली तर बुरशीचं भलंच होतं. वर सांगितलेला पेशीचा स्वतःहून मरण्याचा उपाय इथे उलटतो. टॅन स्पॉट हा पानावर तपकिरी डाग पाडणारा रोग याचं चपखल उदाहरण आहे. त्याची बुरशी टॉक्स-ए नावाचं प्रथिन सोडते. गव्हातल्या एका पहारेकरी जनुकाला ते दिसलं की पेशी नेहमीप्रमाणे जीव देते, आणि बुरशीला ताट वाढून मिळतं. २००६ मध्ये उघड झालं की टॉक्स-ए चं जनुक या बुरशीकडे मूळचं नव्हतंच, गव्हावरच्याच दुसऱ्या एका बुरशीकडून ते तिच्यात आलं होतं. पुढे ते करप्याच्या बुरशीतही सापडलं. इथे पैदासकाराला प्रतिकारक जनुक घालायचं नसतं, हे फसणारं जनुक काढून टाकायचं असतं.

फ्युजेरियम फुलोऱ्यात येतो. परागकोश बाहेर लोंबत असताना पाऊस आणि उबदार हवा जुळली की तो ओंबीत शिरतो. हिरव्या ओंबीचे काही भाग अकाली पांढरे पडतात आणि जवळून पाहिलं तर त्यांच्या कडेला गुलाबी-नारिंगी झाक दिसते. त्याचा खरा धोका वजनात नाही. डीऑक्सिनिव्हॅलेनॉल नावाचं विष तो दाण्यात सोडून जातो. हे विष शिजवण्या-भाजण्याने सहजी जात नाही आणि जास्त झालं तर उलट्या होतात, माणसांना आणि जनावरांनाही. आधीच्या हंगामातल्या मक्याच्या धाटांवर ही बुरशी मेलेल्या काडावर खुशाल राहते, म्हणून मक्यामागोमाग गहू ही जोडी तिच्या फायद्याची. फवारणीची संधी फुलोऱ्याच्या जेमतेम काही दिवसांची. तीही औषध निवडून. स्ट्रोबिल्युरिन गटातलं औषध ओंबी बाहेर पडल्यावर मारलं तर विष वाढल्याचीही उदाहरणं आहेत.

ब्लास्ट हा नवखा. १९८५ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात तो पहिल्यांदा गव्हावर दिसला. ओंबीच्या दांडीवर एका जागी लागण होते आणि त्या जागेच्या वरची ओंबी पांढरीफटक पडते. खालची अर्धी हिरवी, वरची अर्धी मेलेली. तीन दशकं तो दक्षिण अमेरिकेतच होता. २०१६ मध्ये बांगलादेशात सुमारे १५,००० हेक्टरवर आला, आणि तिथल्या बुरशीची जनुकं वाचून ती दक्षिण अमेरिकेतली असल्याचं शास्त्रज्ञांनी ओळखलं. २०१८ मध्ये तो झांबियात सापडला. मुळात तो गव्हावर चढला कसा, याचा मागही लागला आहे. बहुतेक गव्हांत एक पहारेकरी होता, तो गवतावरच्या या बुरशीला अडवायचा. ब्राझीलमध्ये तो पहारेकरी नसलेला अनाहुआक वाण मोठ्या क्षेत्रावर पेरला गेला आणि बुरशीला पहिलं पाऊल ठेवायला जागा मिळाली.

टेक-ऑलबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती फेरपालटाचा नेहमीचा नियम मोडते. ही बुरशी मुळं काळी करते आणि गव्हामागून गहू घेतला की वाढत जाते. पण न थकता आणखी काही वर्षं गहूच घेत राहिलं तर रोग आपोआप उतरतो. मातीत मुळांभोवती स्युडोमोनास जिवाणू वाढतात आणि बुरशीला मारणारं द्रव्य तयार करतात. तोवरची वाईट वर्षं मात्र सोसावी लागतात.

औषध कुठे पोचतं, कुठे नाही

आपण वापरतो त्यातली बरीच बुरशीनाशकं दोन गटांत येतात. प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही ट्रायाझोल गटातली. बुरशीच्या पेशीचा पडदा बनायला लागणारा एर्गोस्टेरॉल ती बनू देत नाहीत. स्ट्रोबिल्युरिन बुरशीच्या श्वसनावर घाव घालतात. दोन्हींना फुटलेला फोड मिटवता येत नाही. ट्रायाझोल नुकत्याच शिरलेल्या बुरशीला थोडेफार दिवस मागे जाऊन गाठतं, त्यापलीकडे नाही. फवारणीनंतर आठवड्याने जुने फोड दिसले म्हणून औषध बोगस होतं असं होत नाही. पाहायचं ते शेंड्याचं पान: तिथे नवे फोड येतायत का?

आणि बुरशी जशी वाणाला चुकवते तशीच औषधालाही. पश्चिम युरोपात सेप्टोरिया हा पानावरच्या डागांचा रोग मोठा आहे. तो दोन-तीन आठवडे पानात निमूट राहतो आणि मग एकाएकी मारायला लागतो. त्याच्यावर स्ट्रोबिल्युरिन भरपूर वापरलं गेलं. २००० नंतरच्या मोजक्या वर्षांत, बुरशीच्या एका जनुकातल्या एका बदलाने ते जवळपास निकामी केलं.

म्हणूनच तांबेऱ्याबाबत माझा भरवसा वेगळ्या प्रकारच्या प्रतिकारावर आहे. एलआर ३४ नावाचं एक जनुक आहे. ते पेशी मारत नाही, बुरशीला दारात अडवत नाही. बुरशी येते, पण तिला फोड फुटायला जास्त दिवस लागतात, फोड छोटे येतात आणि कमी येतात. तिन्ही तांबेऱ्यांवर आणि भुरीवरही ते चालतं. शंभरेक वर्षं ते गव्हात वापरात आहे, आणि कुठल्याच वंशाने त्याला पुरतं हरवलेलं नाही. २००९ मध्ये ते वेगळं काढलं तेव्हा कळलं की ते पेशीच्या पडद्यातून पदार्थ पलीकडे नेणारं एक प्रथिन बनवतं. अशा गव्हाच्या पानांची टोकं पिकताना वाळलेली दिसतात. तीच त्याची खूण. एकट्याने ते पुरत नाही, पण असे तीन-चार संथ गुण एका वाणात जमवले तर तांबेरा येऊनही पीक उभं राहतं.

केनियात न्जोरो इथे यूजी ९९ नंतर जगभरचे गव्हाचे वाण आणून पेरले जातात. मधूनमधून मुद्दाम लवकर रोग घेणारा वाण लावतात, म्हणजे बीजाणूंचा पाऊस सगळ्यांवर सारखा पडावा. ओंब्या भरत आल्या की पैदासकार ओळीओळीने वाकून खोडं पाहत जातो आणि वहीत टक्के लिहितो: साठ, चाळीस, दहा, शून्य. दहा-पंधरा टक्क्यांची, छोट्या फोडांची ओळ तो आनंदाने ठेवून घेतो. शून्याच्या ओळीपाशी मात्र तो थांबतो आणि तिची वंशावळ काढून पाहतो, की इतकी स्वच्छ आहे ती एकाच पहारेकऱ्याच्या भरवशावर तर नाही ना.